कार्टूनमधली अरबी

“मॉम, इथे कुणी अरबी बोलतच नाही!”

हॉस्टेलच्या जिन्याखाली कार्डफोन होता आणि त्यावर ती जवळजवळ ओरडत होती. तिच्या मागे रांगेत मी. माझ्या मागे दोन जॉर्डनच्या मुली, आणि त्या दोघी त्या क्षणीसुद्धा आपसात अरबीच बोलत होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि फिसकन हसल्या.

“म्हणजे बोलतात, पण माझ्याशी नाही. माझ्याशी सगळे इंग्लिश बोलतात, नाहीतर हिंदी. हो, हिंदी! मला काय माहीत का! कैरोला अजून एक जागा आहे म्हणे. या महिन्याच्या शेवटच्या बुधवारपर्यंत कळवलं तर उरलेलं सेमिस्टर तिकडे करता येईल.” मग थोडं थांबून, “रूममेट ना? छान आहे. शांत आहे. म्हणजे, खूपच शांत.”

ती फोन ठेवून वळली तेव्हा मी भिंतीवरची मेसच्या वेळांची सूचना वाचण्यात गढून गेले होते.

ती अमेरिकेहून एका सेमिस्टरसाठी आली होती. तिच्या गावात वर्षातले निम्मे महिने बर्फ असतो, आणि तिथे बसून ती दोन वर्षं पुस्तकातून अरबी शिकली होती. आता खऱ्या माणसांशी बोलायचं म्हणून तिने नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं अमिरातींवर. आमचं विद्यापीठ दुबईच्या बाहेर, वाळूत. मुलींच्या हॉस्टेलमध्ये दोघींना एक खोली. यादीत माझ्या नावापुढची खाट रिकामी होती, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. किंवा मी तिच्या.

मी तिथलीच. म्हणजे अबू धाबीत वाढलेली, बाबांच्या नोकरीमुळे. घरात मराठी, शाळा भारतीय इंग्लिश मीडियम, दुकानात हिंदी. या तिन्ही भाषा मी जपून वापरत असे. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नसे. आईचं एक ठरलेलं वाक्य होतं, “हिला भूक लागलीय हेसुद्धा लहानपणी शेजारीण येऊन सांगायची.”

अमेरिकनचं उलटं. ती रोज सकाळी झाडायला येणाऱ्या बाईला दारात गाठून म्हणायची, “सबाहल खैर!” बाई फिलिपिन्सची. ती म्हणायची, “गुड मॉर्निंग, मॅम!” मेसमधला वाढपी केरळचा. त्याला हिने शुद्ध अरबीत “कृपया मला थोडा भात मिळेल का” असं विचारलं की तो प्रेमाने सांबार वाढायचा. हॉस्टेलमधल्या अरब मुलींना हिच्याकडून अमेरिकन उच्चार शिकायचे होते. त्यांना अशी संधी पुन्हा कधी मिळणार? वॉर्डनबाई सुदानच्या, पण पाहुणीशी पाहुणीच्याच भाषेत बोलायचं ही त्यांची रीत. हिने अरबीत प्रश्न विचारायचा, त्यांनी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असं पहिल्या दिवसापासून चाललं होतं.

फोनच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या खाटेवर येऊन बसली.

“मी वॉर्डनना खोली बदलून मागितली,” ती म्हणाली. “अरबी बोलणाऱ्या मुलीबरोबर. तुझ्यामुळे नाही हं! तुला वाईट वाटणार नाही ना?”

“अजिबात नाही,” मी म्हणाले. “तुला योग्य वाटेल ते कर.”

“आणि त्या हो म्हणाल्या!”

“काय म्हणाल्या नक्की?”

“इन्शाल्ला!”

माझा जीव भांड्यात पडला. तिने बॅग भरली, भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळला आणि दोन दिवस त्या बॅगेतूनच कपडे काढून घातले. तिसऱ्या दिवशी मलाच राहवेना.

“त्या नाही म्हणाल्यात,” मी म्हटलं.

“नाही, त्या इन्शाल्ला म्हणाल्या.”

“हो. तेच.”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच आत्ता तिच्या दोन वर्षांच्या अभ्यासाची पानं फाडलीत. मग मी तिला बाबांचं शास्त्र सांगितलं. इन्शाल्ला झटकन म्हटलं तर काम होणार. सावकाश म्हटलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. आणि छातीवर हात ठेवून, गोड हसून म्हटलं, तर विसरा.

“त्यांनी छातीवर हात ठेवला होता,” ती हळूच म्हणाली. मग इतकी हसली, की पलीकडच्या खोलीतून भिंतीवर थापा आल्या. नकाशा पुन्हा भिंतीवर गेला. मला बरं वाटलं, पण ते मी काही बोलून दाखवलं नाही.

त्या आठवड्यात ती मला देराला, दुबईच्या जुन्या बाजारपेठेत, घेऊन गेली. खरं तर मी तिला न्यायला हवं होतं, पण पुढे तीच होती. सोन्याच्या बाजारात तिने एका दुकानदाराला शब्दाशब्दाचे शेवटचे स्वरसुद्धा नीट उच्चारून विचारलं, “याची किंमत काय?” तो म्हणाला, “आईये मॅडम, अंदर आईये, देखने का पैसा नहीं.” टॅक्सीवाला पठाण. तिची दोन वाक्यं ऐकून त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं. “बहनजी, ये क्या बोल रही हैं? उर्दू में बोलो ना.” मसाल्याच्या दुकानात इराणी म्हातारा होता. अमेरिका ऐकल्याबरोबर त्याने लॉस एंजेलिसमधल्या भाच्याची चौकशी सुरू केली, जणू ती त्याच गल्लीत राहत होती.

मग आम्ही खाडीवर गेलो. तिथे लाकडी गलबतं लागलेली असायची आणि धक्क्यावर फ्रीज, टायर, चहाची खोकी यांचे ढीग. अशाच एका ढिगाजवळ पांढराशुभ्र कंदूरा, म्हणजे तिथला पायघोळ झगा, घातलेले एक गृहस्थ खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. तिचे डोळे चमकले. केस नीट करून ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि एक लांबलचक वाक्य म्हणाली. सलाम, तब्येतीची चौकशी, स्वतःची ओळख, गलबताबद्दल प्रश्न, सगळं त्यात होतं. गृहस्थांनी पेला खाली ठेवून शांतपणे ऐकून घेतलं.

“युवर अरेबिक इज व्हेरी गुड,” ते म्हणाले. “मी ऑरेगॉनला शिकलो. तू कुठली?”

परतताना ती काही बोलली नाही. मला शांतता आवडते, पण तिची नाही आवडली. बसची वाट पाहत आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकलो. शटरवर हाताने लिहिलेला कागद होता. ती मान वाकडी करून तो वाचायचा प्रयत्न करत होती. हाताच्या लिखाणात स्वर दिलेले नसतात, त्यामुळे तिला जमेना.

“नमाजाला गेलोय, पाच मिनिटांत येतो,” मी म्हटलं.

“काय?”

“असं लिहिलंय.”

ती पायरीवरून उठलीच. “तुला अरबी वाचता येतं?”

“शाळेत होतं.”

“किती वर्षं?”

“पहिलीपासून.”

“पहिलीपासून! आणि तू तीन आठवडे माझ्या शेजारी झोपतेस आणि बोलली नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

खरं म्हणजे मला कधी वाटलंच नव्हतं की मला अरबी येतं. आम्हा सगळ्या भारतीय मुलांना ते शाळेत सक्तीचं असायचं. इजिप्तचे सर मोठ्या आवाजात वाक्य म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. उंटावर दहा ओळी, बागेवर दहा ओळी, परीक्षेला त्यातलंच एक. मार्क चांगले पडायचे. रस्त्यावरच्या पाट्या मी आपोआप वाचायचे, मराठी माणूस गुजरातेत गेल्यावर गुजराती पाट्या वाचतो तशी. पण त्या देशात जन्म काढून एका जिवंत माणसाशी मी अरबीत एक वाक्य बोलले नव्हते. आमच्या बिल्डिंगमधलं कुणीच बोललं नव्हतं. कुणी बोलतं का, असा प्रश्नही कुणाला पडला नव्हता.

त्या संध्याकाळी तिने फर्मान काढलं, की जेवण झाल्यावर खोलीत फक्त अरबी. ती बोलायची, मी मान हलवायची. चुकली की मान आडवी, बरोबर असली की उभी.

“तुझ्या अरबीला फक्त मान आहे, तोंड नाही,” ती म्हणायची.

एकदा उशी फेकून मारली. मी “ला” म्हणाले, म्हणजे नको. तिने टाळ्या वाजवल्या.

विकेंडला बाबा मला न्यायला आले, तेव्हा तिलाही गाडीत घातलं. आम्ही तेव्हा अबू धाबीबाहेर खलिफा सिटीत एका व्हिलाचा मागचा भाग भाड्याने घेतला होता. आजूबाजूला घरं कमी आणि वाळू जास्त. बाबा पुण्याचे इंजिनियर. त्यांच्या अरबीत चार शब्द होते: यल्ला, खलास, इन्शाल्ला, हबीबी. तेवढ्यावर त्यांनी पाण्याचा एक अख्खा प्लांट उभा केला होता. साइटवर फोन करायचे तो असा, “हबीबी, पाइप खलास, दूसरा लाओ, यल्ला!” पलीकडून काय यायचं ते ऐकून समाधानाने “इन्शाल्ला, इन्शाल्ला” म्हणायचे आणि ठेवायचे.

“काय म्हणते अमेरिका?” त्यांनी गाडीतच मला विचारलं. तिचं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

आईने साबुदाण्याची खिचडी केली होती. अमेरिका म्हणाली, “शुकरन.”

“शुकरन वगैरे नंतर,” आईने आणखी एक डाव वाढला. “खा गं बाई, नुसती काडी झालीय.” हे मराठीत. अमेरिकेला ते बरोबर कळलं. तिने ताट पुढे केलं.

बाबांशी ती अरबीत बोलायला गेली. बाबांनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाले, “हां हां, बिलकुल, बैठो बैठो.”

माझा धाकटा भाऊ टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, “बाबा, शी आस्क्ड यू व्हॉट यू डू.”

“मग तू सांग ना तिला.”

“आय डोन्ट नो व्हॉट यू डू.”

जेवताना कैरोचा विषय निघाला. बुधवार चार-पाच दिवसांवर आला होता. बाबांना ते पटेना. “कैरोला काय ठेवलंय? इथे एसी आहे, रस्ते आहेत.” मग मराठीत माझ्याकडे वळून, “तू सांग ना तिला राहा म्हणून. तुझी मैत्रीण आहे ना?”

“तिचं तिने ठरवायचंय, बाबा.”

“हिला नका विचारू,” आई म्हणाली. “ही काही सांगायची नाही. ती विमानात बसली की मग आठ दिवस हिचं तोंड एवढंसं.”

मी पापड मोडत राहिले. आईला कसं कळतं कोण जाणे. मला ती जायला नको होती. इतक्या दिवसांत त्या खोलीत दुसऱ्या कुणाच्या बडबडीची सवय होईल, आणि ती सवय आवडेल, असं मला वाटलं नव्हतं. पण हे सांगायचं कसं? ती इतक्या लांबून अरबी बोलायला आली होती, मान हलवणाऱ्या मुलीसाठी नव्हे.

परत जाताना गाडीत ती म्हणाली, “मला फक्त एक माणूस हवंय. असं एक माणूस, ज्याला माझ्याशी इंग्लिश बोलावंसं वाटणार नाही.”

तेव्हा मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. संख्याशास्त्राच्या तासाला आम्ही दोघी शेवटच्या बाकावर असायचो. ती रास अल खैमाकडची, मूळची अमिराती, काळा अबाया, हातावर मेंदी. सरांचं इंग्लिश भराभर जायचं. आकडे आले की ती लिहायची, शब्द आले की पेन थांबायचं. सर प्रश्न विचारायला लागले की आम्ही दोघी एकाच वेळी वहीत बघायचो. वर्षभर आम्ही एक कॅलक्युलेटर वाटून घेतला होता आणि त्या सगळ्या काळात ती मला “प्लीज” आणि “थँक्यू” एवढंच म्हणाली होती. मीही तेवढंच.

“तिचं इंग्लिश कसं आहे?” अमेरिकनने विचारलं.

“फारसं येत नाही.”

“ग्रेट! उद्या विचार तिला!”

तिथे आठवडा रविवारी सुरू होतो; रविवारी मी विचारलं नाही. सोमवारी ती घाईत होती, असं मी सांगितलं. मंगळवारी मी घाईत होते. बुधवारी सकाळी अमेरिकनने कैरोचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि ती पेन शोधायला लागली.

“ऑफिस दुपारी बंद होतं,” ती म्हणाली. “ठीक आहे गं. खरंच.”

तासाला मी सरांचा एक शब्द ऐकला नाही. एक वाक्य जुळवत होते. तास संपला, माझ्या बाकावरची ती मुलगी शेला सारखा करून निघाली आणि मी तिच्या मागे कॉरिडॉरमध्ये गेले. ती थांबली. माझ्या हाताकडे बघून तिने पर्समधून कॅलक्युलेटर काढला. “प्लीज?”

मी मान हलवली, आडवी. आणि मग अरबीत, शाळेत पाठ म्हणून दाखवतात तशी, हात शरीराला चिकटवून म्हणाले, की माझी एक अमेरिकन मैत्रीण आहे आणि तिला तुझ्याशी अरबी भाषेत संवाद साधण्याची इच्छा आहे.

ती बघतच राहिली. मग तिने तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले. भिंतीला टेकून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

“यू टॉक लाइक कार्टून!” ती म्हणाली.

मला काही कळेना. मग अर्धं अरबीत, अर्धं खुणांनी तिने सांगितलं. लहान मुलांच्या टीव्हीवर परदेशी कार्टून येतात, त्यातले ससे आणि रोबो असलं पुस्तकातलं अरबी बोलतात. घरात असं कुणीच बोलत नाही. म्हणजे एखादीने मराठीत बाकावरच्या मुलीला म्हणावं, “हे भगिनी, मज तुझी लेखणी देशील काय?” मी बरोबर ते केलं होतं. इजिप्तच्या सरांनी आम्हा शेकडो भारतीय मुलांना रोबोची भाषा शिकवून सोडलं होतं, आणि कुणी ती कधी वापरलीच नाही म्हणून कुणालाच पत्ता लागला नव्हता.

मला पळून जावंसं वाटायला हवं होतं. पण मी हसायला लागले. ती म्हणाली, “मैत्रीण कुठे आहे? चल, यल्ला.”

अमेरिकन कॅन्टीनबाहेर सावलीत बसली होती, मांडीवर फॉर्म. तिने तिचं ते सलामापासूनचं लांबलचक वाक्य म्हटलं आणि माझ्या वर्गातल्या मुलीने आभाळाकडे हात केले. “अजून एक कार्टून!”

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. वर्गात मान वर न करणारी ती मुलगी अरबीत विलक्षण बडबडी निघाली. तिने आमच्या सरांची नक्कल केली, पँट वर ओढण्यासकट. अमेरिकनच्या प्रत्येक शब्दाला ती अडवायची. “‘मला हवंय’ला ‘उरीदु’ नाही गं, ‘अबा’ म्हण. ‘उरीदु’ ससा म्हणतो.” अमेरिकन म्हणायची, “अबा, अबा,” चुकायची, पुन्हा म्हणायची, आणि कुणीही इंग्लिशकडे वळत नव्हतं, कारण वळायची सोयच नव्हती. मला बरंचसं कळत होतं. एक माणूस एका भाषेत मुका आणि दुसऱ्या भाषेत असा असू शकतो, हे बघत मी नुसती बसले होते.

मग तिचं लक्ष फॉर्मकडे गेलं. हे काय? अमेरिकनने तिच्या मोडक्या वाक्यांत सांगितलं. कैरो. आज शेवटचा दिवस.

“मग जाणार?”

“माहीत नाही,” अमेरिकन म्हणाली. “तिकडे रस्ताभर अरबी आहे. इथे तू एकटी.” तिने फॉर्मवर बोट फिरवलं. “मला कळत नाहीये.”

माझ्या वर्गातली मुलगी माझ्याकडे वळली. “आणि तू? तुला काय हवंय?”

मला! हे इंग्लिशमध्ये विचारलं असतं तर माझं उत्तर तयार होतं. तिला योग्य वाटेल ते तिने करावं, असं काहीतरी, गुळगुळीत आणि सभ्य. मराठीतही होतं, माझं काय, माझं काही नाही. अंग काढून घ्यायची वाक्यं मला दोन्ही भाषांत भरपूर येत होती. अरबीत मात्र शाळेने तसलं एकही शिकवलं नव्हतं. तिथे माझ्याकडे होतं ते हवं आणि नको, जा आणि राहा, आणि त्यांच्या मध्ये लपायला जागा नव्हती. दोघी वाट बघत होत्या. अमेरिकनने तर पेनसुद्धा खाली ठेवलं.

“मला ती इथे हवी आहे,” मी म्हणाले.